बंद जाळीचं ॲव्हरेज

सोमवार, ४ नोव्हेंबर. सकाळी.

काल जेवताना हिने विषय काढला. तिकडेच खोली घेऊन राहावं म्हणते.

हिची बदली होऊन तीन महिने झाले. प्रमोशनवर. बँकेची ती शाखा घरापासून शेहेचाळीस किलोमीटर, मध्ये तो लांबलचक चढ. रोज आपल्या गाडीने जाऊन-येऊन. शाखेजवळ एक खोली महिनाअखेर रिकामी होते आहे. सोमवार ते शुक्रवार तिथे, शनिवार-रविवार घरी. म्हणाली, या येण्या-जाण्याने जीव मेटाकुटीला येतो, आणि घरी आल्यावरसुद्धा... पुढचं ऐकू आलं नाही, कारण तोवर माझ्या डोक्यात चक्रं फिरायला लागली होती.

मूळ प्रश्न पेट्रोलचा आहे. बायका सरळ बोलत नाहीत. त्यांच्या बोलण्यातला मुद्दा आपण वेचून घ्यावा लागतो, तांदळातून खडा वेचावा तसा.

बायकोने घर सोडून दुसरीकडे राहायचं, आणि नवऱ्याने बघत बसायचं? मुळीच नाही. हात आहेत, डोकं आहे, वेळ तर भरपूर आहे.

६ नोव्हेंबर.

उपाय सापडला. गाडीच्या तोंडाला जाळी असते, तिच्यामागे रेडिएटर. गाडी पळाली की वारा जाळीतून आत घुसतो आणि गाडीला मागे रेटतो. पेट्रोल जातं ते या वाऱ्याशी भांडण्यात. महागड्या गाड्यांना कंपनीच जाळीमागे उघड-बंद होणाऱ्या पट्ट्या बसवते. हायवेवर बंद, चढावर उघड्या. आपल्या जुन्या गाडीला ही सोय नाही. होईल.

तीस वर्षं कंपनीत दुसऱ्यांची ड्रॉइंगं तपासली. हजारो चुका काढल्या. हिचा भाऊ म्हणतो, म्हणूनच तर तुम्हाला काढलं. मला काढलेलं नाही. मी स्वेच्छेने बाहेर पडलो. कागदावर सही माझीच आहे.

हिला अजून सांगितलेलं नाही. सरप्राइज.

७ नोव्हेंबर. रात्री.

सामानाची जमवाजमव. ॲल्युमिनियमच्या हलक्या पट्ट्या हव्या होत्या. बाजारात हव्या त्या मापाच्या मिळेनात. कन्येच्या खोलीच्या खिडकीला पट्ट्यांचा पडदा आहे. दोरी ओढली की पट्ट्या उघडतात, सोडली की मिटतात. म्हणजे अर्धं काम आधीच झालेलं! काढला. खिडकीला तात्पुरती चादर लावली.

कन्या कॉलेजातून आली. म्हणाली, बाबा, माझी परीक्षा आहे आणि समोरच्या बिल्डिंगमधले सगळे मला बघतायत. मी म्हटलं, बघू दे, त्यांना तरी दिसेल कोणीतरी अभ्यास करतंय. हसली नाही. अलीकडे या घरात विनोदाला उठाव नाही.

ब्रेकची केबल आणि लिव्हर तिच्या जुन्या सायकलचे घेतले. सायकल तशीही पडूनच होती. (कन्या म्हणते पडून नव्हती, उभी होती.)

ड्रिल मशीन मेव्हण्याकडून मागवलं. तो हायवेवर, चढाच्या पायथ्याशी राहतो. ही येताना घेऊन आली. सोबत त्याचा निरोप: भाऊजी, भोकं भिंतीलाच पाडा. उंटावरचा शहाणा.

९ नोव्हेंबर, शनिवार.

बसवलं! जाळीमागे नऊ पट्ट्या. केबल बॉनेटखालून डॅशबोर्डात. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला सायकलचा ब्रेक-लिव्हर. लिव्हर दाबला की पट्ट्या उघडतात, सोडला की स्प्रिंगने खटकन मिटतात. तो खटका ऐकून अंगावर काटा आला. कंपनी सोडल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी पूर्ण झालंय.

एक किरकोळ गोष्ट. केबल आत घालताना मीटरची तार कुठेतरी निसटली. आता स्पीडचा काटा हलत नाही आणि किलोमीटरही पुढे सरकत नाहीत. त्याची गरजही नाही. घर ते बँक अंतर ठरलेलं आहे, ते काही रोज वाढत नाही. स्पीड पुढच्या गाडीवरून कळतो.

हिला दाखवलं. बराच वेळ लिव्हरकडे बघत राहिली. मग विचारलं, मीटर का बंद आहे? बघा, नऊ पट्ट्या सोडून नेमकं तेच दिसलं.

१० नोव्हेंबर, रविवार.

ट्रायल. सोबत कन्या. (तिला पोहोचवायचं होतं मैत्रिणीकडे, वाट जरा लांबची घेतली.) पट्ट्या बंद ठेवून मोकळ्या रस्त्यावर गाडी अक्षरशः तरंगत होती. वाऱ्याचा आवाज निम्मा. कन्या म्हणाली, बाबा, तो लाल काटा वर चाललाय. मी म्हटलं, इंजिन लवकर तापतं, हाच तर फायदा आहे, थंड इंजिन पेट्रोल जास्त खातं. ती म्हणाली, मला इथेच उतरवा, मी चालत जाते. परीक्षेचं टेन्शन असावं.

हिच्यासाठी सूचना लिहून डॅशबोर्डवर चिकटवल्या. हायवे: सोडा. चढ: दाबून धरा. सिग्नल: दाबून धरा. संशय आला: दाबून धरा.

टाकी फुल्ल केली. आतापर्यंत ॲव्हरेज लिटरला चौदा. दर रविवारी टाकी मीच भरणार. पुढच्या रविवारी दूध का दूध होईल.

११ नोव्हेंबर. रात्री जेवणानंतर.

ही आली ती थेट सोफ्यावर. म्हणाली, आज शाखेत एका म्हाताऱ्यांनी सगळ्यांसमोर मला वाट्टेल ते बोलून घेतलं, त्यांच्या मुलानेच खातं रिकामं केलंय आणि ते मला... मी विचारलं, चढावर लिव्हर दाबला होतास ना?

म्हणाली, एक हात स्टिअरिंगवर, एक गिअरवर, तिसरा कुठून आणू?

मुद्दा रास्त आहे. माझ्या डोक्यात आला नव्हता असं नाही, फक्त तो दुसऱ्या टप्प्यात होता. उद्या लिव्हरला एक कडी लावतो. चढाच्या आधी कडी अडकवायची, चढ संपला की काढायची. एवढं तर कोणीही करेल.

म्हाताऱ्यांचं पुढे काय झालं, ते विचारायचं राहिलं. उद्या विचारीन.

१३ नोव्हेंबर, बुधवार.

फार वाईट दिवस. पण डोकं शांत ठेवून लिहितो.

आज शाखेत मोठे साहेब तपासणीला येणार होते. ही लवकर निघाली. सव्वानऊला फोन. चढावर, वळणाशी गाडी बंद, बॉनेटमधून वाफ, मागे ट्रक हॉर्न मारतायत.

पहिला प्रश्न मी तांत्रिक विचारला: कडी अडकवली होतीस का?

फोन बंद झाला. त्या वळणावर रेंज नसावी.

पुन्हा लावला, उचलला नाही. मेव्हण्याला लावला तर म्हणाला, मी निघालोय, तिचा आला होता मला. म्हणजे मला केल्यानंतर त्याला केला असणार. की आधी?

संध्याकाळी मेव्हणाच घरी सोडून गेला. दारातूनच. चहा नको म्हणाला. हिच्या साडीवर ग्रीसचा डाग होता. मला भीती वाटली होती दिवसभर, खरंच फार भीती वाटली, पण ही समोर आली तेव्हा सुरुवात कुठून करावी ते सुचेना. म्हणून म्हटलं, कडीची गोम माझ्या लक्षात आली आहे.

ही आंघोळीला गेली. पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

१५ नोव्हेंबर.

गाडी गॅरेजमधून आली. रेडिएटरचा पाइप फुटला होता, नवीन टाकला. मेकॅनिकला सगळी थिअरी समजावून सांगितली. त्याने मान डोलावली, पट्ट्यांचे दोन-तीन फोटो काढले आणि मित्राला पाठवून हसला. पिकतं तिथे विकत नाही.

हा आठवडा प्रयोगात धरायचा नाही. सोमवारपासून नव्याने. पट्ट्यांत आता बोटभर फट कायमची ठेवली आहे. तडजोड मला आवडत नाही, पण संसारात करावी लागते.

कन्या बोलत नाही. चादरीमागे बसून अभ्यास करते. बोलणी खाण्यापेक्षा हे बरं, असं म्हणायचं, पण बरं वाटत नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार.

मोठी बातमी. ही काही न बोलता किल्ली घेऊन गेली. मला वाटलं होतं, पट्ट्या काढा म्हणेल, आदळआपट करेल. काही नाही. शांतपणे गाडी सुरू केली आणि गेली. पटलं असावं. माणसाला पटायला वेळ लागतो, जोर करून उपयोग नसतो.

संध्याकाळी विचारलं, चढावर तापली का? म्हणाली, नाही. एका शब्दात. म्हणजे अजिबातच तापली नसणार.

२० नोव्हेंबर.

आजही नाही तापली. हिच्यातही फरक आहे. अर्धा तास उशिरा येते, पण आल्यावर पूर्वीसारखी सोफ्यावर कोसळत नाही. चेहरा उतरलेला नसतो. उशिराचं कारण मी काढलं: स्पीडचा काटा नाही म्हणून जपून चालवते. जपून चालवलं की पेट्रोल आणखी वाचतं. मीटर बंद पडला ते एका अर्थी बरंच झालं.

आज भाजी चिरताना काहीतरी गुणगुणत होती. मी स्वयंपाकघरात गेल्यावर थांबली. मी पाणी पिऊन बाहेर आलो, पण पुन्हा सुरू झालं नाही.

२२ नोव्हेंबर.

माळ्यावरची निळी सुटकेस खाली आली आहे. कन्येला विचारलं. म्हणाली, आईला विचारा. हिला विचारणार होतो. पण रविवारी आकडा हातात येईल, मग विचारायची वेळच येणार नाही. आकडा सगळ्यांची तोंडं बंद करतो. कंपनीतला अनुभव.

झोप नीट लागत नाही. छातीत धडधड. मेव्हणा म्हणेल, पट्ट्या लावून बघा.

२४ नोव्हेंबर, रविवार.

एकतीस पॉइंट सात!!

पंपावर पोराला दोनदा भरायला लावलं, टाकीच्या तोंडापर्यंत. साडेचौदा लिटर. पाच दिवस, रोज जाऊन-येऊन ब्याण्णव. भागाकार चार वेळा केला. चौदावरून जवळजवळ बत्तीस! जगात कोणत्याही कंपनीला जमलेलं नाही. माझा स्वतःचा अंदाज फार तर पंधराचा होता. उरलेला वाटा हिच्या जपून चालवण्याचा. मी उदार मनाचा आहे, श्रेय वाटून घेतो.

जेवताना जाहीर केलं. म्हटलं, आता पेट्रोलचा प्रश्न मिटला, खोलीबिली घ्यायचं कारण उरलं नाही. हिने कन्येकडे पाहिलं. कन्येने ताटाकडे. ही म्हणाली, छान. मग म्हणाली, खोलीचं मी कळवलंय त्यांना.

जिंकलो! हो कळवलं की नाही कळवलं, ते विचारलं नाही. एकतीस पॉइंट सात ऐकल्यावर हो कोण कळवेल?

मेव्हण्याला आकडा तोंडावर सांगायचा आहे. ड्रिल परत करायचं निमित्त आहेच. बुधवारी जातो.

२७ नोव्हेंबर, बुधवार.

ड्रिल पिशवीत घालून अकराच्या बसने गेलो. खिडकीशी जागा मिळाली. काय काय बोलायचं ते सगळं पाठ करत होतो.

मेव्हण्याच्या दारात झाडाखाली आपली गाडी उभी.

आधी वाटलं, पुन्हा तापली. धावत गेलो. बॉनेटवर हात ठेवला. गार. माझ्या हिशोबाने बंद पट्ट्यांमागे इंजिन दुपारपर्यंत कोमट राहायला हवं. चांगलं गार होतं. काचेवर वाळकी पानं पडलेली. टायरखालून पाणी वाहून सुकलं होतं, म्हणजे सकाळी अंगण धुतलं तेव्हापासून उभी.

मेव्हणा घरी नव्हता. वहिनी बाहेर आल्या. त्यांना वाटलं मला सगळं माहीत आहे. सहज सांगत होत्या. रोज सकाळी येते, अर्धा कप चहा घेते, बँकेतल्या लोकांची गाडी नाक्यावरून जाते तिच्यात बसून पुढे जाते. संध्याकाळी उतरली की गच्चीत खुर्ची टाकून बसते अर्धा तास. आम्हीही काही विचारत नाही हो भाऊजी, बिचारी दमलेली असते. कधी बोलते, कधी नुसतीच बसते. त्या म्हाताऱ्यांचं सांगत होती परवा, मुलगा पैसे परत देतो म्हणालाय. मग उठते आणि म्हणते, चला, जाते आता घरी.

वहिनी म्हणाल्या, तुम्हाला सांगितलंच असेल तिने त्या म्हाताऱ्या आजोबांचं.

मी म्हटलं, हो, सांगितलंय.

चहा घेतला. ड्रिल दिलं. ॲव्हरेजचा विषय काढला नाही.

परतीच्या बसमध्ये उभं राहावं लागलं. वाईट वाटलं. पेट्रोलचं नाही. इथून घर वीस किलोमीटर, आणि ते कापायला तिला आधी अर्धा तास बसावं लागतं. फार वाईट वाटलं. लिहून ठेवतो, कारण हे कोणाला बोलून दाखवणार?

२८ नोव्हेंबर.

पुन्हा हिशोब. रोज चाळीस, पाच दिवसांचे दोनशे. भागिले साडेचौदा. तेरा पॉइंट आठ. पट्ट्या नव्हत्या तेव्हा चौदा होतं, आणि तेही चढ धरून.

काल संध्याकाळी ही आली. म्हणाली, ट्रॅफिक होतं आज. मी म्हटलं, असणारच. विचारायचं होतं, गच्चीतून काय दिसतं. विचारलं नाही. माझ्या जागी कोणीही असता तर हेच केलं असतं. बहुतेक.

३० नोव्हेंबर, शनिवार.

खोली घेतली आहे. हो कळवलं होतं. उद्या जाणार.

मी एक योजना केली आहे. गाडी पूर्ववत करून द्यायची. दुपारभर बसून पट्ट्या काढल्या, केबल काढली, मीटरची तार शोधून जोडली. काटा हलला. सूचनांचा कागद खरवडला, पण डॅशबोर्डवर त्याचा चौकोन राहिलाच. गाडी धुतली. आता चढावर तापणार नाही, म्हणजे रोज जाऊन-येऊन करायला हरकत नाही, असं तिला म्हणायचं. तिने नुसतं थांबावं, एवढंच. बाकी काही नको.

१ डिसेंबर, रविवार.

किल्ली हातात दिली. म्हटलं, सगळं काढलंय. मीटरही चालू आहे.

हिने किल्ली माझ्या हातात परत ठेवली. रागाने नाही. म्हणाली, गाडी राहू दे तुमच्याकडे. मला तिथे चालत जाता येतं. आणि तुम्हालाही काहीतरी लागेल ना करायला.

मेव्हणा न्यायला आला होता. सुटकेस मी उचलली. वाटली होती त्यापेक्षा हलकी होती. जाताना फ्रिजमध्ये काय काय आहे ते सांगितलं, गोळ्या कुठे आहेत ते सांगितलं. शुक्रवारी येते म्हणाली. मी मेव्हण्याला म्हटलं, चढावर जपून. तो म्हणाला, माझ्या गाडीला नाक मोकळं आहे भाऊजी. एरवी मी चांगलं उत्तर दिलं असतं.

४ डिसेंबर, बुधवार.

कन्येच्या खिडकीला पट्ट्यांचा पडदा परत बसवला. नऊ पट्ट्यांना ड्रिलची भोकं आहेत. सकाळी तिच्या टेबलावर उजेडाचे ठिपके पडतात. भरून देतो म्हटलं, तर म्हणाली, नको बाबा, हात नका लावू आता. पण सायकल दुरुस्त करून दिल्याबद्दल थँक्यू म्हणाली. हे मुद्दाम नोंदवतो.

हिचा फोन संध्याकाळी येतो. आधी कन्येशी बोलते. दार लावून, बराच वेळ. मग कन्या फोन आणून देते. जेवलात का, गोळी घेतलीत का, गॅस बंद केलात का. हो, हो, हो. ठेवते. तीन दिवस हेच चाललंय.

आज मी तयारीत होतो. दुपारपासून मनात घोकत होतो. ही गॅसच्या प्रश्नावर आली तसं तिला मध्येच थांबवलं आणि विचारलं, आजचा दिवस कसा गेला तुझा?

पलीकडे एकदम शांतता. या वेळी रेंजचा दोष नव्हता, तिच्याकडचा नळ वाहताना मला स्वच्छ ऐकू येत होता.

मग घाबऱ्या आवाजात म्हणाली, अहो, काय झालं? आता काय मोडलंत?

मी म्हटलं, काही नाही, खरंच काही नाही, सहज विचारलं. तिला खरं वाटलं नाही. म्हणाली, फोन द्या बघू तिच्याकडे. कन्येने घरभर फिरून पाहिलं, खाली जाऊन गाडीही पाहिली, आणि फोनवर सांगितलं की, नाही आई, सगळं जागच्या जागी आहे.